गिऱ्हाईक नाव सांगत नाही, मग विकावं का?

प्रश्न : एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, अशा पट्टीत आमचं घर आहे. काही वर्षांपूर्वी घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या, तेव्हा मुंबईच्या भाच्याने वेबसाइट करून दिली. तिच्या नावात आमच्या गावाचं नाव आहे आणि शेवटी डॉट कॉम. गेल्या महिन्यात इंग्रजीत एक ई-मेल आला. लिहिणारा म्हणतो, मी डोमेन ब्रोकर आहे, माझ्या अशिलाला तुमचं हे नाव विकत हवं आहे, अशिलाची ओळख सांगता येणार नाही, तुमची किंमत कळवा. आमच्याकडे जमिनीसाठी एजंट येतात, तेही गिऱ्हाईक कोण ते सांगत नाहीत. म्हणून मन धास्तावलं. हा व्यवहार असा पडद्याआडून का होतो? मागे कोण असेल? आणि गावाचं नाव विकायचा आम्हाला हक्क तरी आहे का?
– एक वाचक, तोंडवली, ता. मालवण

उत्तर : तुमच्या भागातल्या सी वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाची चर्चा सुरू झाली तेव्हापासून तोंडवली-वायंगणीची माणसं 'यामागे कोण आहे' असं विचारत आली आहेत. तो प्रश्न विचारायलाच हवा. पण डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावांच्या, बाजारात खरेदीदाराने स्वतःला झाकून घेणं ही नेहमीची रीत आहे. नाव लपवलं म्हणून तो लबाड ठरत नाही. या व्यवहारात धोके आहेत, ते दुसरीकडे आहेत, आणि त्यातला सगळ्यात मोठा धोका तुमच्या पत्रात आलेलाच नाही. त्याकडे पुढे येऊ.

आधी पडदा कशासाठी, ते पाहू. जमिनीला निदान सरकारी रेडी रेकनरचा दर असतो, शेजारच्या गटाचं खरेदीखत काढून बघता येतं. डोमेनला असा कुठलाच दर नाही. नोंदणी चालू ठेवायला वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये लागतात, पण विकताना तेच नाव पाच हजारांना जाऊ शकतं किंवा पाच लाखांनाही. घेणाऱ्याला ते किती हवं आहे आणि त्याचा खिसा केवढा आहे, यावर सगळं ठरतं. त्यामुळे खिसा मोठा असणारा माणूस तो दाखवत नाही. आपण कोण आहोत हे विकणाऱ्याला कळलं की किंमत चढणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

याचं गाजलेलं उदाहरण डोमेनचं नसून ट्रेडमार्कचं आहे, पण रीत तीच. २००९ मध्ये ब्रिटनमधली 'आयपी ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट' नावाची कंपनी तैवानच्या प्रोव्ह्यू कंपनीकडे गेली आणि तिचे 'आयपॅड' या नावाचे हक्क ३५ हजार पौंडांना घेऊन आली. आमच्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरं जुळतात म्हणून हे नाव हवं आहे, असं तिने सांगितलं होतं. आद्याक्षरं खरोखरच जुळत होती. काही आठवड्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, ॲपलने आयपॅड बाजारात आणायची घोषणा केली आणि त्या कंपनीच्या मागे कोण होतं ते उघड झालं. समोर ॲपल आहे हे कळलं असतं, तर प्रोव्ह्यूने ३५ हजार पौंडांवर सही केली नसती. पण गोष्ट इथे संपली नाही. चीनमधल्या नोंदणीचे हक्क प्रोव्ह्यूच्या शेन्झेन इथल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर होते. ते या विक्रीत आलेच नाहीत, असं म्हणत ती कंपनी कोर्टात गेली. २०१२ मध्ये ॲपलला सहा कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. कागदावर मालक कोण, हे नीट न तपासल्याची ती किंमत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या भाच्याच्या बाबतीत आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

विकणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची जुनी संघटना आहे, अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन. फार्म आणि ब्युरो या शब्दांची आद्याक्षरं घेऊन तिने 'एफबी डॉट कॉम' हे नाव कधीचंच घेऊन ठेवलं होतं. २०१० मध्ये ते फेसबुककडे गेलं. किंमत बाहेर आली ती पुढच्या जानेवारीत, संघटनेच्या वार्षिक सभेत, डोमेनच्या विक्रीतून ८५ लाख डॉलर मिळाल्याचं सांगितलं गेलं तेव्हा. संघटनेचं काम काही अडलं नाही. तिच्याकडे 'एफबी डॉट ऑर्ग' होतं आणि ती आजही त्याच पत्त्यावर आहे. एक नाव दिलं, पण त्याआधी उभं राहायला दुसरं हाताशी होतं.

अलीकडचं उदाहरण भारतात जन्मलेल्या धर्मेश शाह यांचं. हबस्पॉट या अमेरिकी कंपनीचे ते सहसंस्थापक. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी 'चॅट डॉट कॉम' दीड कोटी डॉलरहून जास्त किंमत देऊन घेतलं आणि थोड्याच दिवसांत विकूनही टाकलं. कोणाला, ते सांगितलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पत्ता टाईप केला की चॅटजीपीटी उघडायला लागलं, तेव्हा जगाला खरेदीदार कळला. म्हणजे कोट्यवधी डॉलरच्या सौद्यातही नाव दीड-दोन वर्षं झाकलेलं राहू शकतं, आणि तरी दोन्ही बाजूंचा व्यवहार चोख होतो.

आता तुमचा खरेदीदार कोण? या किनाऱ्याकडे पाहता काही शक्यता ठळक दिसतात. एखादी हॉटेल कंपनी तुमच्या परिसरात रिसॉर्ट काढायच्या विचारात असेल. गावागावांची नावं गोळा करून त्यावर बुकिंगचा धंदा उभारणारी एखादी मंडळी असतील. प्लॉट पाडून विकणारा कोणी असेल. किंवा नुसता डोमेनचा व्यापारी असेल, आज तुमच्याकडून स्वस्तात घेऊन उद्या यांपैकीच कोणाला तरी महाग विकणारा. शेवटची शक्यता सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त आढळणारी आहे.

आणखी एक शक्यता म्हणजे खरेदीदार मुळात नाहीच. ब्रोकर म्हणवणारा मोठा आकडा सांगतो, तुम्ही हो म्हणता, आणि मग तो म्हणतो, अशिलाला या डोमेनचं मूल्यांकन प्रमाणपत्र हवं आहे, अमुक वेबसाइटवरून काढा, फी थोडीच आहे, ती सौद्यात परत मिळेल. तुम्ही फी भरता आणि अशील नाहीसा होतो. ती मूल्यांकनाची वेबसाइट त्याचीच असते. हा जगभर चालणारा जुना डाव आहे. दुसरा डाव घाबरवण्याचा. 'तुमच्याच नावाचं चिनी डोमेन कोणी तरी नोंदवतंय, आधी तुम्ही घ्या' असं पत्र येतं. आपल्याकडे यात क्यूआर कोडची भर पडली आहे. टोकन रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा, असं सांगतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ते दोन्ही पैसे देण्यासाठीच असतात. म्हणून एक कसोटी पुरे : विकणाऱ्याने आधी कोणालाही, कशासाठीही पैसे भरायचे नाहीत. ब्रोकरने पैसे मागितले की पत्रव्यवहार तिथेच थांबवा. कोणी भरून बसलं असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागायची आशा कमी.

ब्रोकर खरा असेल, तर तो कोणाचा माणूस आहे हे विचारा. खरेदीदाराने नेमलेला ब्रोकर आपला मोबदला खरेदीदाराकडून घेतो आणि तुमची किंमत खाली आणणं हे त्याचं कामच असतं. विकणाऱ्याने नेमलेला ब्रोकर विक्रीतून टक्केवारी घेतो. ही टक्केवारी साधारणपणे १० ते २५ च्या दरम्यान असते. तुम्हाला आलेलं पत्र पहिल्या प्रकारचं आहे. तो कितीही अदबीने लिहीत असला तरी तुमचा सल्लागार नाही. 'तुमची फी कोण देणार?' एवढं एक वाक्य विचारा. 'दोघंही' असं उत्तर आलं, तर दुसरा ब्रोकर बघा किंवा स्वतःच बोला. आणि पहिला आकडा तुम्ही सांगू नका. ज्याला हवं आहे त्याला बोलू द्यावं. असाच काही शब्द असलेली डोमेन पूर्वी कितीला गेली, हे नेमबायो नावाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. गावाच्या नावाचं मोल तिथल्या आकड्यांवरून नेमकं कळणार नाही, पण अंदाज बांधायला काहीतरी मिळेल.

पहिला आकडा न सांगण्याला एक कायद्याचं कारणही आहे. ट्रेडमार्कचे मालक कधी कधी मध्यस्थामार्फत निनावी चौकशी करतात आणि मोठी किंमत सांगणारं उत्तर मिळालं, की 'हा माणूस नाव अडवून पैसे उकळतो आहे' याचा पुरावा म्हणून ते पुढे ठेवतात. डोमेनच्या तंट्यांसाठी १९९९ पासून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, डॉट इनसाठी आपल्याकडे तशीच वेगळी पद्धत आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव माझ्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं जुळतं, ते बाळगणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं.

२०२४ मध्ये जिओहॉटस्टार या डोमेनवरून जे घडलं ते इथे आठवावं. दिल्लीच्या एका तरुण ॲप-निर्मात्याने दोन कंपन्या एकत्र येतील असा अंदाज बांधून ते नाव आधीच घेऊन ठेवलं होतं. विलीनीकरणाच्या वेळी त्याने त्याच पत्त्यावर जाहीर पत्र लिहून परदेशातल्या शिक्षणासाठी सुमारे एक कोटी रुपये मागितले. पैसे मिळाले नाहीत, उलट कायदेशीर कारवाईची भाषा ऐकावी लागली. मग ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाची सेवा सुरू झाली. त्या तरुणाची स्वप्नं खरी असतील, पण दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव ओळखून ते आधी अडवणं कायद्याला मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे फार लवकर सांगितलं होतं. १९९९ मध्ये 'रेडिफ'ने 'रॅडिफ' या मिळत्याजुळत्या डोमेनविरुद्ध दाद मागितली, तेव्हा डोमेन हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेने निकाल दिला.

तुमची स्थिती याच्या अगदी उलट आहे. तुम्ही नाव वापरण्यासाठी घेतलं, त्यावर खरा व्यवसाय केला, आणि ते तुमच्या स्वतःच्या गावाचं आहे. इथे तुमचा तिसरा प्रश्न येतो : गावाचं नाव विकायचा हक्क आहे का? गावाच्या नावावर कोणाचीच मक्तेदारी नसते, तुमची नाही आणि खरेदीदाराचीही नाही. तुम्ही विकता ती फक्त त्या एका पत्त्याची नोंदणी. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराच्या महापालिकेने 'बार्सिलोना डॉट कॉम'साठी तक्रार केली होती. २००० मध्ये तंटा सोडवणाऱ्या यंत्रणेने नाव महापालिकेला द्यायला सांगितलं, पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ते नाव आधी घेणाऱ्या जोडप्याच्या कंपनीकडे राहिलं. नुसत्या स्थळनामावर असा एकाधिकार सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता. तेव्हा कायद्याने तुमचे हात बांधलेले नाहीत. गावातल्या चार जणांना विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा, तो तुमच्या आणि गावाच्या नात्याचा प्रश्न आहे. मला विचाराल तर विचारावं. उद्या त्या पत्त्यावर गावाविषयी जे काही छापलं जाईल, ते तुमच्या शेजाऱ्यांनाही भोवणार आहे.

आता भाचा. डोमेनचा मालक कोण, हे ज्याच्या नावाने आणि ज्याच्या ई-मेलने नोंदणीच्या कंपनीकडे खातं आहे त्यावरून ठरतं. वेबसाइट कोणाची, फोन नंबर कोणाचा, पाहुणे कोणाच्या घरी उतरतात, याला तिथे किंमत नाही. कोकणात सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं निघतात आणि विक्रीच्या दिवशी काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तसंच होतं. भाच्याने आपलं कार्ड वापरून आपल्या खात्यात नोंदणी केली असेल, तर कागदोपत्री विकणारा तो आहे, पैसे त्याच्या खात्यात येतील आणि त्यावरचा करही त्याच्या नावावर लागेल. त्याच्याशी शांतपणे बोला. नाव तुमच्याकडे वर्ग करून घ्यायचं असेल, तर एक अट आधी माहीत असू द्या : डॉट कॉमच्या बाबतीत मालकाचं नाव बदललं की अनेक कंपन्या पुढचे ६० दिवस डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवू देत नाहीत. ब्रोकर घाई करत असेल, तर त्याला हे सांगा. खरा खरेदीदार थांबतो.

आता तो मोठा धोका. डोमेनबरोबर तुमचा ई-मेलही जातो. तुमचा बुकिंगचा ई-मेल त्याच नावावर असेल, तर विक्रीच्या दुसऱ्या दिवसापासून त्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पत्र नवा मालक वाचू शकतो. पुण्याच्या कुटुंबाने मे महिन्यासाठी केलेली चौकशी, मागच्या दिवाळीच्या पाहुण्याने पाठवलेलं आधार कार्ड, बँकेची सूचना, सगळं. त्याहून गंभीर म्हणजे, 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की नवा दुवा ई-मेलवरच येतो. ज्या ज्या खात्याला तुम्ही तो ई-मेल दिला असेल, त्या प्रत्येकाची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती जाते : बँक, जीएसटी, गूगलच्या नकाशावरची तुमची नोंद, बुकिंगच्या कंपन्यांची खाती, निवास-न्याहारी योजनेतली नोंदणी. जमीन विकली तरी घरातला पत्रव्यवहार आपल्यापाशी राहतो. डोमेन विकलं की तो जातो. खरेदीदार कोण हे माहीत नसताना ही गोष्ट पाहिल्याशिवाय सही करणं मला फार धोक्याचं वाटतं.

आणि पाहुण्यांचं काय? तुमच्याकडे एकदा राहून गेलेला माणूस तोच पत्ता टाईप करून येतो. त्याला तिथे नवं पान दिसलं, ॲडव्हान्स मागणारा नवा नंबर दिसला, तर तो तुमच्याच भरवशावर पैसे पाठवेल. खोट्या वेबसाइटचा हा धंदा किती पसरला आहे, ते २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरच्या खटल्यात दिसतं. कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती डोमेन घेऊन लोकांना डीलरशिप देतो म्हणून फसवलं जात होतं. त्या वेळी न्या. गौतम पटेल यांनी डोमेनची यंत्रणा उलगडून सांगितली. नोंदणी करणारी कंपनी एखाद्या डोमेनची नोंदणी स्थगित करू शकते, पण इंटरनेटवरून ते पान अडवून धरणं तिच्या हातात नसतं. नाव हातातून गेल्यावर त्याचा गैरवापर थांबवणं एवढ्या मोठ्या कंपनीलाही सोपं गेलं नाही. दोन खोल्यांच्या घराला ते कितपत झेपेल?

म्हणून खरेदीदाराचं नाव मिळवण्यापेक्षा त्याच्याकडून लेखी अटी मिळवणं जास्त मोलाचं आहे. पहिली अट संक्रमणाची : निदान सहा महिने जुना ई-मेल तुमच्या नव्या पत्त्यावर पुढे पाठवला जाईल आणि संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर तुमच्या नव्या पत्त्याचा दुवा राहील. दुसरी : तुमचे फोटो, घराचं नाव, पाहुण्यांचे अभिप्राय यांतलं काहीही या विक्रीत येत नाही, विकलं जातं ते फक्त डोमेन. तिसरी : तुमच्या निवासाशी संबंध आहे असं तो कुठेही भासवणार नाही. करार निनावी माणसाशी होत नाही, हेही ब्रोकरला सांगा. सहीच्या वेळी कोणीतरी नाव असलेली व्यक्ती किंवा कंपनी पुढे यावीच लागते. ॲपलच्या गोष्टीतल्यासारखी ती नुसती पुढे केलेली कंपनी असू शकते, पण अटी मोडल्या तर नोटीस पाठवायला पत्ता तरी हवा. यातली एकही अट मान्य न करणाऱ्याला मी तरी गावाचं नाव दिलं नसतं, रक्कम कितीही असो.

विकायचं ठरलंच, तर आधी दुसरं नाव घ्या. डॉट इन चालेल. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं आणि त्यात मराठी नाव मराठीतच लिहिता येतं. मात्र बाहेरच्या पर्यटकाला टाईप करायला सोपं जावं म्हणून रोमन लिपीतलं एक नाव सोबत ठेवा. नव्या नावावर ई-मेल सुरू करा, एकेका खात्यातला पत्ता बदला, जुन्या पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर कळवा, जुनी पत्रं उतरवून घ्या आणि मगच सौद्याला बसा.

पैशाची देवाणघेवाण एस्क्रोमार्फत करा. यात तिसरी संस्था खरेदीदाराचे पैसे आधी स्वतःकडे घेते, मग तुम्ही नाव हस्तांतरित करता, ते पोचल्याची खात्री झाली की पैसे तुमच्याकडे येतात. खरेदीदार कोण हे माहीत नसतानाही रक्कम सुरक्षित राहते ती या पद्धतीमुळे. पण एस्क्रोच्याही खोट्या वेबसाइट असतात. ब्रोकरने पाठवलेल्या दुव्यावर जाऊ नका, संस्थेचा पत्ता स्वतः शोधून टाईप करा. पैसे जमा झाल्याचं तुम्हाला तुमच्या एस्क्रो खात्यात आत जाऊन दिसलं पाहिजे, ब्रोकरने पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही. ते दिसल्यानंतरच डोमेनचं कुलूप काढा आणि हस्तांतराचा सांकेतिक कोड द्या. तो कोड ज्याच्या हाती, त्याच्या हाती नाव. आधी कोड द्या, लगेच पैसे सोडतो, असं कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही म्हणा.

रक्कम परदेशातून आली तर बँक कशाचे पैसे म्हणून विचारेल, तेव्हा कराराची प्रत दाखवा. कराचं बघायला मालवण-कणकवलीतल्या एखाद्या सीएला आधीच विचारा. हे उत्पन्न भांडवली नफा धरायचं की व्यवसायाचं, हे तुम्ही नाव कसं वापरलं यावर अवलंबून आहे, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा.

आत्ता त्या ब्रोकरला एवढंच लिहा : 'हे नाव आमच्या निवास व्यवसायासाठी आम्ही काही वर्षं वापरत आहोत. ते विक्रीला काढलेलं नाही. आपल्या अशिलाचा प्रस्ताव असल्यास रक्कम आणि वापराचा हेतू लेखी कळवावा. व्यवहार फक्त एस्क्रोमार्फत होईल आणि आमच्याकडून कोणतीही फी दिली जाणार नाही.' यात खोटं काही नाही, किंमत नाही आणि दारही उघडं राहतं. फसवणारा असेल तर बहुधा उत्तर येणार नाही.

हे पत्र पाठवायच्या आधी मात्र भाच्याला फोन करून नोंदणीची मुदत कधी संपते ते पाहा. अशी खाती वर्षानुवर्षं जुन्या कार्डावर आणि बंद पडलेल्या ई-मेलवर चाललेली असतात. कार्डाची मुदत संपते, नूतनीकरणाची रक्कम कापली जात नाही आणि सूचना कोणाला मिळतच नाही. डॉट कॉमची मुदत उलटली की नोंदणी कंपनी आपल्या नियमाप्रमाणे काही दिवसांची सवलत देते, मग ३० दिवस जादा पैसे भरून नाव सोडवता येतं, त्यानंतर पाच दिवसांनी ते सगळ्या जगासाठी मोकळं होतं. तुमच्या नावावर डोळा असलेल्या माणसाला मग ब्रोकरची गरज उरत नाही, नोंदणीच्या साध्या रकमेत ते त्याला मिळतं. नूतनीकरण एकदम दहा वर्षांपर्यंत करता येतं. विकायचं असो वा नसो, ते या आठवड्यात करून घ्या आणि खात्यात तुमचा चालू मोबाइल नंबर घाला.